सरावात जमतं, मग सामन्यात काय होतं?

"मॅडम, घरी सगळं येतं हो तिला. पेपर हातात पडला की डोकं कोरं." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी दर फेब्रुवारीत ऐकते. पेपरच्या जागी कधी गायनाची परीक्षा असते, कधी नोकरीची मुलाखत, कधी बॅडमिंटनचा सामना. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात चार पालक हीच तक्रार घेऊन आले. त्या चौघांना मी थोडक्यात जे सांगितलं, ते इथे एका मुलाच्या निमित्ताने सविस्तर लिहिते. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा एकवीस वर्षांचा, अमरावती जिल्ह्यातला, बेसबॉल खेळणारा. आपल्याकडे बेसबॉल कोण खेळतं, असं पुण्या-मुंबईच्या वाचकांना वाटेल. पण विदर्भातल्या अनेक शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे खेळ मुलं जीव लावून खेळतात. क्रिकेटची बॅट परवडत नाही आणि कबड्डीच्या संघात जागा नाही, असेही बरेच जण तिकडे वळतात. हा त्यातलाच. शिवाय डावखुरा. शाळेच्या पेटीतले सगळे ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे. ते चढतात डाव्या हातात, आणि याला हवा उजव्या हातात. पहिली दोन वर्षं त्याने ग्लोव्ह उलटा घालून काढली. तरी कॉलेजात आल्यावर तो संघाचा पहिला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, झाला, राष्ट्रीय स्पर्धेच्या शिबिरापर्यंत पोचला.

आणि मग हात चालेनासा झाला.

आई सोबत आली होती. मी प्रश्न त्याला विचारायचे, उत्तर ती द्यायची. "याले काय झालं कोणालेच समजत नाही मॅडम. सरावाले बरा ऱ्हायते. मॅच आली का चेंडू कुठच्या कुठं जाते." हाडाच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं, एमआरआय झाला होता, खांद्यात काही दोष नव्हता. (हे आधी करून घ्यावंच. दुखणं शरीराचं असेल तर माझ्या खोलीत ते बरं होत नाही.)

खेळ मला त्यानेच शिकवला. पिचर आणि बॅटर यांच्यात साडेसाठ फूट अंतर, म्हणजे साधारण १८.४४ मीटर. चेंडू बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या, होम प्लेटच्या (बॅटरशेजारी जमिनीत बसवलेल्या पाटीच्या) रुंदीएवढ्या अदृश्य चौकटीतून गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही, तर त्याला 'बॉल' म्हणतात. असे चार बॉल झाले की समोरचा न मारता चालत पहिल्या बेसवर जातो. याने शेवटच्या सामन्यात ओळीने पाच जणांना असं चालवलं होतं. पाचव्यानंतर त्याला बसवलं. नंतर दोन महिने तो मैदानावर गेला नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली गोष्ट साधी आहे: घटना आपल्याला जितकी पाडते, त्याहून जास्त आपण तिला लावलेली मागणी पाडते. मराठीत ही मागणी एका अक्षरात मावते. ते अक्षर म्हणजे 'च'. "स्ट्राइक पडायला हवा" ही इच्छा झाली. "पडलाच पाहिजे" म्हटलं की मानेवर सुरी. मी त्याला चेंडू सोडताना मनात येणारं वाक्य कागदावर लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, "हा स्ट्राइक पडलाच पाहिजे, नाही तर नोकरी गेली." राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, घरात सगळ्यांचा डोळा त्यावर. मी त्या 'च'वर रेघ मारली.

"समजते मॅडम," तो म्हणाला. "पण हाताले समजत नाही ना."

तीन सेशन असेच गेले. वाक्य त्याला पाठ होत होतं, आणि हात तसाच. माझं कुठेतरी चुकत होतं. नोकरीची भीती खरीच होती, पण ती सरावातही सोबत असायला हवी होती. मैदानाभोवती माणसं उभी राहिली की मगच तो का मोडतो, याचं उत्तर नोकरीत नव्हतं.

चौथ्या वेळी मी आईला बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला म्हटलं, पुढच्या वेळी तुझा ग्लोव्ह घेऊन ये.

तो ग्लोव्ह मी अजून विसरले नाही. तपकिरी चामडं घामाने काळं पडलेलं, तळव्याला वापरून वापरून आलेली चकाकी, आणि अंगठा व पहिलं बोट यांमधल्या जाळीला हिरव्या रेक्झिनचा तुकडा लावून जाड दोऱ्याने घातलेली शिवण.

"हे काय आहे रे?"

"एसटीच्या सीटचं हाये." वडील एसटीत ड्रायव्हर. ओव्हरटाइमच्या पैशातून त्यांनीच हा डावखुऱ्यांचा ग्लोव्ह घेऊन दिला होता. जाळी फाटली तेव्हा डेपोत सीट शिवणाऱ्या मित्राकडून शिवून आणली. हे सांगताना त्याचा अंगठा त्या शिवणीवरून फिरत होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसावं, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली आहेत.

मग तो बोलला. वडिलांना झटका आला तेव्हा तो शिबिरात होता. निरोप मिळाला, निघाला, पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. तेरवीच्या दिवशी पंगतीत वाढताना मागून एका नातेवाइकाचा आवाज आला, "बाप गेला तवा हा चेंडू फेकत होता."

"मॅच असली, लोक उभे असले, का तेच आयकू येते," तो म्हणाला. "चेंडू हातातून सुटतानाच."

तर हे होतं त्याचं खरं वाक्य. नोकरीचं वाक्य त्याने मला दिलं होतं, कारण ते सांगता येण्यासारखं होतं. प्रत्येक स्ट्राइक त्याला त्या पंगतीला उत्तर म्हणून हवा होता. इतकं ओझं घेऊन कोणाचाही चेंडू चौकटीतून जाणार नाही.

मी विचारलं, "बाबांनी तुझी मॅच पाहिली होती कधी?"

तो पहिल्यांदा हसला. "एकदाच. त्यायले काहीच समजलं नाही. रन कसा होते, तेच विचारत होते." थोडं थांबून म्हणाला, "त्या दिवशी मी खूप बॉल टाकले बाहेर. घरी येताना चिडलो होतो. तं बाबा म्हणे, हा खेळ बरा हाये लेका. चवथा चेंडू चुकेलोक समोरच्याले काही देत नाही. माणसाले चुकाले जागा ठेवली हाये."

आम्ही दोघंही गप्प होतो. जे मी तीन सेशन 'च' खोडून सांगत होते, ते त्याच्या वडिलांनी त्याला कधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या तोंडून ते ज्ञान होतं. त्यांच्या तोंडून ती परवानगी होती. पंगतीतल्या आवाजासमोर उभा राहील असा दुसरा आवाज त्याच्याकडे होता, फक्त दुःखाखाली दबून गेला होता. माझ्या कामातल्या ज्या थोड्या क्षणांचा मला मनापासून अभिमान आहे, त्यात हा एक प्रश्न आहे.

त्या रात्री मी बेसबॉलविषयी वाचत बसले. रिक अँकिल नावाचा, अमेरिकेतल्या सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा एकवीस वर्षांचा पिचर, हाही डावखुरा. ३ ऑक्टोबर २००० ला अटलांटाविरुद्धच्या सामन्यात तिसऱ्या डावात त्याने एकाच डावात पाच 'वाइल्ड पिच' टाकले, म्हणजे मागे उभ्या कॅचरलाही आवरता येणार नाहीत असे भरकटलेले चेंडू. असं याआधी घडलं होतं ते १८९० मध्ये. त्याचं लहानपण वडिलांच्या दहशतीत गेलेलं, आणि त्याच वर्षी वडिलांना अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगवास झालेला. हात पुन्हा पूर्वीसारखा कधी झालाच नाही. २००५ मध्ये त्याने पिचिंग सोडलं, आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात चेंडू अडवणारा) म्हणून खालच्या स्तरापासून पुन्हा खेळायला लागला, आणि ९ ऑगस्ट २००७ ला कार्डिनल्सकडूनच परतला. त्याच सामन्यात होमरन मारला.

मी हे सांगितल्यावर मुलाने विचारलं, "म्हणजे मीबी पिचिंग सोडू?" मी म्हटलं, तो एक रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही, निवडायचं तू. त्याला पिचिंगच करायचं होतं.

मग आम्ही दोनच गोष्टी केल्या. एक, चेंडू टाकण्याआधी उजव्या हातातल्या ग्लोव्हकडे बघायचं, शिवण दिसेपर्यंत. चांगला टाकण्याची शपथ वगैरे घ्यायची नाही. दुसरी त्याला अवघड गेली: सरावात मुद्दाम माणसं उभी करायची. आधी दोन मित्र, मग त्यांच्या सोबतचे, मग ज्युनियर मुलं. पहिल्या दिवशी चेंडू जाळीवर गेले. आठवड्याने त्यातले काही चौकटीत येऊ लागले. भीती ओसरण्याची वाट बघत घरी बसलं की ती वाढत जाते. ती असतानाच काम करत राहिलं की तिची सवय होते. परीक्षेच्या मुलांनाही मी हेच करायला लावते. घरच्या खोलीत नव्हे, अनोळखी वाचनालयात, घड्याळ लावून, शेजारी कोणी बसलेलं असताना पेपर सोडवा.

पुढच्या हंगामातल्या पहिल्या सामन्यात त्याने पहिल्याच बॅटरला चालवलं. दुसऱ्यालाही. कोचने त्याला बाहेर काढलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तिसरा बाद झाला. त्या दिवशी तो पूर्ण सामना खेळला, संघ एका रनने जिंकला, आणि काही आठवड्यांनी त्याचं नाव राज्याच्या संघात आलं.

पालकांनो, या खेळातल्या दोन गोष्टी मी हल्ली खूपदा सांगते. अमेरिकेतला नावाजलेला बॅटर टेड विल्यम्स याने १९४१ मध्ये ०.४०६ च्या सरासरीने फटकेबाजी केली. त्यानंतर तिथल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगच्या पूर्ण हंगामात ०.४०० पर्यंत कोणी पोचलेलं नाही. म्हणजे इतक्या मोठ्या खेळाडूचेही दहातले सहा प्रयत्न वाया गेले होते. आणि बेसबॉलच्या धावफलकावर रन आणि हिट यांच्या शेजारी तिसरा रकाना असतो, चुकांचा. तो उघडा असतो, सगळ्या मैदानाला दिसतो, आणि खेळ चालू राहतो. आपल्या घरांत हा रकाना नसतो. चूक एक तर लपवली जाते, नाही तर पंगतीत काढली जाते.

"टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य कृपा करून बंद करा. त्याने मुलाला कळतं की टेन्शन घेण्यासारखं काहीतरी आहे. त्याऐवजी स्वतःचं एखादं अपयश सांगा, खरं, तारखेसकट. तुम्ही कोणत्या पेपरात नापास झालात, कोणत्या मुलाखतीत गप्प बसलात. चुकायची परवानगी मुलाला हवी असते ती नेमकी त्या माणसाकडून, ज्याला निराश करायला ते घाबरतं. बहुतेक घरांत तो माणूस तुम्ही असता. माझ्याकडे आणण्याआधी हे करून बघा. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं मूल बोलत असेल, तर थांबू नका. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

"पण मॅडम, परत तसंच झालं तर?" हे सगळेच विचारतात. त्याचं झालं. गेल्या मोसमात एका सामन्यात हात पुन्हा अडला. दोन दिवसांनी तो आला, वीस मिनिटं बसला. या वेळी एकटा होता. काय झालं, असं मी विचारलं, आणि त्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली.