कोन मोजायचाय? आधी जागा बघ, मग सेन्सर

रोबोटिक हात करायला घेतलायस, वाचून फार बरं वाटलं. सांध्याचा कोन मोजायला मॅग्नेटिक सेन्सर घेऊ की ऑप्टिकल, असं विचारलंयस. मॅग्नेटिक सेन्सर शाफ्टवरच्या (फिरणाऱ्या दांड्यावरच्या) चुंबकावरून कोन ओळखतो, ऑप्टिकल सेन्सर चकतीवरच्या रेघा उजेडाने वाचतो. हे ठरवताना पहिल्यांदा बघायचं ते सेन्सर बसणार कुठे. धूळ, तेल किंवा दमट हवा असेल तर मॅग्नेटिक. रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथशेजारी उघडी ऑप्टिकल चकती लावली होती. पंधरा दिवसांत तिच्या बारीक रेघांवर तेलाचा थर चढला आणि आकडे उड्या मारायला लागले. बंद डब्यातला ऑप्टिकल एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) मात्र छान चालतो.

तुला मी एएस५६०० ही मॅग्नेटिक सेन्सरची चिप सुचवेन. १२ बिट, म्हणजे पूर्ण फेरीत ४०९६ पायऱ्या, एक पायरी साधारण ०.०९ अंशाची. वीज जाऊन आली तरी कोन लगेच सांगते. साधा इन्क्रिमेंटल, म्हणजे नुसत्या पायऱ्या मोजत जाणारा ऑप्टिकल एन्कोडर अशा वेळी आपली जागा विसरतो.

नवीन माणसं इथे हमखास चुकतात:

- फ्रिजवरचा किंवा स्पीकरमधला चुंबक लावतात. दोन्ही ध्रुव व्यासाच्या दोन टोकांना असलेला, म्हणजे डायमेट्रिक चुंबकच हवा. नाहीतर शाफ्ट फिरतो आणि आकड्याचा काही भरवसा राहत नाही.
- चुंबक चिपच्या मधोमध बसवत नाहीत. दोघांतलं अंतर १ ते २ मिमी ठेव. जरा सरकला तरी पायऱ्या ४०९६च दिसतात, कोन मात्र चुकतो.
- चुंबक लोखंडी शाफ्टवर थेट चिकटवतात. मध्ये प्लास्टिक किंवा पितळ घाल.

फिल्टर (आकड्यांची थरथर कमी करणं), कॅलिब्रेशन (आकडे खऱ्या कोनाशी जुळवणं) आत्ता नको. शाफ्टवर कागदी कोनमापक चिकटव, ३०-३० अंशांनी फिरव आणि आकडे वहीत लिहून पाठव.