खड्ड्यात न विझणारा दिवा

विचारा, सांगते : या वेळी सायकलचा दिवा

गेल्या वेळी चार्जिंगच्या टॉर्चच्या दुरुस्तीबद्दल लिहिलं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं सायकलच्या दिव्याची निघाली. हा विषय माझ्या जवळचा आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सर्किट तपासायच्या टेबलावर मी २२ वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक वर्षं कामावर सायकलनेच गेले.

ताई, नमस्कार. मी सातपूरला कारखान्यात कामाला आहे, घर मखमलाबादच्या पुढे मळ्यात. सेकंड शिफ्ट सुटली की घरी पोचायला चाळीसेक मिनिटं लागतात, शेवटच्या टप्प्यात रस्त्याला दिवे नाहीत. वर्षभरात बाजारातले दोन चार्जिंगचे दिवे झाले. एकाची चार्जिंगची पिन आत गेली, दुसरा एका रात्री चालता चालता बंद पडला. मुलगा अकरावी सायन्सला आहे, तो म्हणतो घरीच बनवू. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सहा सेल मिळाले आहेत. बनवावा का, आणि कसा?
– एक वाचक, मखमलाबाद

दादा, जरूर बनवा, आणि मुलाच्या हातून बनवून घ्या. फक्त सेलला हात लावण्याआधी हे उत्तर दोघांनी एकदा शेवटपर्यंत वाचा.

तुमचा दुसरा दिवा कशाने गेला असावा, याचा मला अंदाज आहे, कारण माझ्याबरोबर तेच झालं होतं. माझा पहिला दिवा मी स्प्रिंगच्या होल्डरमध्ये सेल बसवून केला. टेबलावर झकास चालला. पावसाळा नुकता सरला होता. पाथर्डी फाट्याकडून येताना पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि दिवा गेला. घरी येऊन उघडला तर सगळे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, जागच्या जागी, सेलवर ३.९ व्होल्ट, आणि एलईडीच्या वायरवर शून्य. चार्जर लावला मात्र, दिवा लख्ख लागला!

त्याचं कारण समजायला मला दोन दिवस लागले. चार्जिंगच्या छोट्या सर्किटच्या पट्टीवर सेलच्या रक्षणासाठी एक बारीक चिप असते. सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला की ती वाट तोडते. खड्ड्यात आदळताना स्प्रिंग क्षणभर सेलपासून सुटली, चिपचा पुरवठा तुटला. सेल पुन्हा टेकल्यावर चिप बंद अवस्थेतच राहिली. अशा चिपला जागं करायला अनेकदा चार्जरचंच व्होल्टेज लागतं, आणि मळ्याच्या रस्त्यावर मध्यरात्री तुम्ही चार्जर कुठून आणणार? म्हणून सायकलच्या दिव्यात स्प्रिंगचा होल्डर नको, हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगते. घरी बनवलेले दिवे एलईडी जळून फारसे जात नाहीत. ते हादऱ्याने, जोडापाशी जातात.

सेलला निकेलची पट्टी स्पॉट वेल्डने लावलेली हवी, आणि वायरचा डाग त्या पट्टीवर द्यायचा. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग करू नका, त्या उष्णतेने आतला पडदा आणि टोकाची सील दोन्ही खराब होतात. ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्यांकडे स्पॉट वेल्डचं यंत्र असतं, ते दोन मिनिटांत पट्ट्या लावून देतात.

आता तुमच्या सहा सेलबद्दल. लॅपटॉपमधले गोल सेल बहुधा १८६५० मापाचे असतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. मल्टीमीटर लावून बघा. जो २.५ व्होल्टच्या खाली गेला आहे तो बाजूला काढा, त्याला चार्जिंगने जिवंत करायच्या फंदात पडू नका. उरलेले एकेक करून ४.२ व्होल्टपर्यंत भरा. भरताना जो हाताला चांगला गरम लागेल तोही बाद. मग सगळे आठ-दहा दिवस तसेच ठेवून पुन्हा मोजा. जो ४.१ च्या बराच खाली आला, त्यातली वीज आतल्या आत गळते आहे. चांगल्यातला चांगला एकच सेल वापरा. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडले की चांगला सेल वाईटाला भरत बसतो.

सहाही बाद झाले तर नवा घ्या, पण वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेला नको. या मापात खरी क्षमता साधारण ३५०० च्या आसपास संपते. माझी सोपी परीक्षा वजनाची आहे. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. केकसाठी घेतलेल्या वजनकाट्यावर मी एकदा असा ‘९९००’ वाला ठेवला, तो कितीतरी हलका निघाला.

चार्जिंगसाठी टीपी ४०५६ ची पट्टी मिळते. एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानांत नसेल, तर टीव्ही दुरुस्तीचे सुटे भाग ठेवणाऱ्याकडे विचारा. सहा टोकांची मागा. चार टोकांच्या पट्टीवर ती रक्षण करणारी चिप नसते. सहातली दोन टोकं चार्जरची, दोन सेलची, दोन दिव्याकडे जाणारी. सेलचे प्लस-मायनस उलटे लागले तर पट्टी क्षणात जळते, तेव्हा डाग देण्याआधी मुलाला पट्टीवरच्या खुणा मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही बघा. आमच्या टेबलावर आम्ही असंच करायचो, एक वाचणार, एक बघणार. पट्टी १ अँपिअरने चार्ज करते. जुन्या सेलला हा जोर जास्त आहे. पट्टीवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावला, की करंट जवळपास निम्म्यावर येतो. हा डाग फार बारीक असतो, हात बसला नसेल तर दुकानातूनच करून घ्या.

दिव्यासाठी १ वॅटचा पांढरा एलईडी, ॲल्युमिनियमच्या चांदणीवर, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या चकतीवर बसवलेला. त्याला साधारण ३.१ व्होल्ट आणि फार तर ३५० मिलिअँपिअर लागतात. सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे मधला १.१ व्होल्ट कुठेतरी खर्च करायला हवा. ३.३ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर त्या वाटेत टाका. १.१ भागिले ३.३, म्हणजे ०.३३ अँपिअर. हिशोब मुलाकडून करून घ्या, पुस्तकातला ओहमचा नियम त्याला इथे हाताला लागेल. रेझिस्टरऐवजी तयार ड्रायव्हर, म्हणजे करंट आवरणारी छोटी सर्किटं, हीही मिळतात, पण पहिल्या दिव्याला मी रेझिस्टरच सांगते. सेल उतरत जातो तसा प्रकाश हळूहळू मंदावतो, आणि चार्जिंगला लावा म्हणून दिवाच तुम्हाला दोन दिवस आधी सांगतो.

२५०० एमएएचचा धड सेल असेल तर असा दिवा आठ तासांहून जास्त चालतो. तुमचे रोजचे ४० मिनिटांप्रमाणे सहा दिवसांचे चार तास झाले. सुट्टीच्या दिवशी एकदा चार्ज केला की आठवडा निघतो. जुना सेल असेल तर मध्ये एकदा लावा.

एलईडी गरम होतो आणि पीव्हीसीचा पाइप उष्णता बाहेर जाऊ देत नाही. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात. बोटभर तुकडा आणा, त्यावर हीट सिंक पेस्ट लावून एलईडीची चांदणी दोन स्क्रूने आवळा आणि तुकड्याची एक बाजू हवेत राहू द्या. वायर बारीक तारांची, लवचिक घ्या. एकसंध तांब्याची तार हादऱ्याने डागाच्या तोंडाशीच तुटते. प्रत्येक डागावर स्लीव्ह, आणि डागापासून बोटभर अंतरावर वायर डब्याला पक्की बांधलेली हवी, म्हणजे ओढ डागावर येत नाही. हँडल आणि क्लॅम्पच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

पहिल्यांदा चार्ज कराल तेव्हा समोर बसून राहा. ओट्याच्या कडाप्प्यावर ठेवा, गादीवर किंवा पडद्याजवळ नाही, आणि लावून झोपू नका. एप्रिल-मेमध्ये दिवा उन्हात उभ्या सायकलवर सोडू नका, कामावर पोचलात की काढून डब्याच्या पिशवीत टाका. त्या पिशवीत किल्ल्या आणि सुटा सेल मात्र कधीच एकत्र नकोत.

बाद झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ते ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. घंटागाडीत टाकलेला सेल गाडीच्या दाबाखाली पेटू शकतो, आणि त्या गाडीवर माणसं असतात.

ताई, मी कॉलेजला आहे. ३ वॅटचा एलईडी लावून दिवा केला, मस्त प्रकाश पडतो. पण पहाटे गंगापूर रोडला एक आजोबा माझ्यावर खूप रागावले, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. दिवा कमी करू का?
– एक वाचक, कॉलेज रोड

आजोबांचं बरोबर आहे रे. पण दिवा कमी करायच्या आधी खाली वाकव. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली, आणि सायकलचं वेड या गावात आणखी वाढलं. मला त्याचा फार आनंद आहे. पण त्याच रस्त्यावर पहाटे पायी चालणारे असतात, दूधवाले असतात, समोरून येणारा सायकलवालाही असतो.

सायकल भिंतीपासून ३ मीटरवर उभी कर. जमिनीपासून दिव्याची उंची मोज, ती बहुधा १ मीटरच्या आसपास असेल. भिंतीवरचा सर्वांत उजळ ठिपका त्या उंचीच्या ३० सेंटिमीटर खाली पडायला हवा. म्हणजे झोताचा मध्य १० मीटर पुढे रस्त्यावर टेकतो. ताशी १८ किलोमीटरने तू सेकंदाला ५ मीटर जातोस, तेव्हा खड्डा दिसल्यावर हातात दोन सेकंद राहतात. दिवे असलेल्या रस्त्यावर एवढे पुरतात. अंधाऱ्या रस्त्यावर हळू जा. झोत सगळीकडे पसरत असेल तर ६० अंशांचं भिंग काढून ३० अंशांचं बसव. लुकलुकणारा मोड पुढच्या दिव्याला ठेवू नकोस. समोरच्याला तुझं अंतर कळत नाही.

पावसाळ्यात माझ्या दिव्यात पाणी जातं. चारही बाजूंनी एम-सील लावलं तरी काच आतून धुरकट होते.
– एक वाचक, त्र्यंबक रोड

चारही बाजूंनी लावलं म्हणूनच. डब्यात अडकलेली दमट हवा गार काचेवर जमते. वरून आणि बाजूंनी पक्कं बंद ठेवा, तळाला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा. चार्जिंगचं तोंडही खालच्या बाजूलाच घ्या आणि त्यावर ट्यूबच्या रबराचा पडदा लावा.

माझ्या वडिलांच्या सायकलला ६ व्होल्ट ३ वॅटचा बाटलीचा डायनामो आहे, अजून फिरतो. सायकलला दिवा नसला की पोलीस अडवायचे, त्या काळातला. त्यावर हा लिथियमचा सेल चार्ज होईल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

होईल, पण काका, मी तसं करणार नाही. डायनामोची वीज उलटसुलट वाहते, वेगाबरोबर तिचं व्होल्टेज वरखाली होतं. आधी ती एका दिशेची करा, मग ५ व्होल्टवर बांधा, मग चार्जिंगच्या पट्टीला द्या. प्रत्येक पायरीवर थोडी वाया जाते, आणि ती भरून काढायला पाय तुमचेच लागतात.

त्यापेक्षा त्या डायनामोवर थेट एलईडी लावा. अशा डायनामोचा एक मोठा गुण आहे. चाक कितीही जोरात फिरलं तरी तो जवळपास अर्ध्या अँपिअरच्या पुढे जात नाही, त्याच्या आतलं वेटोळंच करंटला आवरतं. ३ वॅटचा एलईडी ७०० मिलिअँपिअरपर्यंत सोसतो, म्हणून वेगळा रेझिस्टर लागत नाही. उलटसुलट वीज एका दिशेची करायला मध्ये चार शॉट्की डायोडचा ब्रिज टाका, बस. सायकल थांबली की दिवा थांबेल, तेवढ्यासाठी मागे एक लहान सेलचा लाल दिवा ठेवा.

वायर जोडण्याआधी डायनामोचा करंट कुठून परत येतो ते बघा. जुन्या सायकलींत तो फ्रेममधूनच परत येतो आणि डायनामोच्या पट्टीवरचा टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडाला टेकलेला असतो. वडिलांनंतर सायकल रंगवून घेतली असेल, तर तिथे रंग बसलेला असणार. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून घ्या.