अणू हलताना टिपणारा कॅमेरा कोणी बनवला?

तुम्ही विचारलंय की रेणूतले अणू एकमेकांपासून सुटताना शास्त्रज्ञांनी पाहिले म्हणतात, तर एवढा वेगवान कॅमेरा कोणी बनवला?

तसा कॅमेरा कोणीच बनवलेला नाही. त्यांनी वेळ मोजायचा नाद सोडला आणि अंतर मोजलं. मला या विषयातलं हेच सगळ्यात आवडतं.

मी सांगलीत अकरावीला फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलला मुलं बारीक जाडी मोजायच्या स्क्रू गेजमध्ये डोक्याचा केस धरतात, त्याचा स्क्रू कट्कट् वाजेपर्यंत फिरवतात आणि त्यावरची सहा-सात घरं मोजून वहीत लिहितात. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. हे घर लक्षात ठेवा.

१८९९ मध्ये फ्रान्समध्ये एब्राहम आणि लमोइन यांनी एकाच विद्युत ठिणगीकडून दोन कामं करून घेतली. तिनेच प्रयोग सुरू व्हायचा आणि तिचाच उजेड आरशांवरून फिरवून, थोडा उशिरा, त्या प्रयोगावर यायचा. आरसे लांब नेले की उशीर वाढला. मूळ युक्ती एवढीच. पुढे १९४९ च्या सुमारास केंब्रिजमध्ये नॉरिश आणि पोर्टर यांनी फ्लॅशच्या दिव्यांनी रेणू फोडून त्यांचे तुकडे पाहिले. पण फ्लॅशच लांबलचक असल्याने मिलिसेकंद-मायक्रोसेकंदांपुढे जाता येईना. अणूंना तेवढा वेळ फारच झाला. ते साधारण सेकंदाला एक किलोमीटर वेगाने सरकतात, आणि दोन अणूंना जोडणारा बंध तुटायला एखाद्या अणूच्या रुंदीइतकं सरकणं पुरतं. त्याला लागतात १०० फेमटोसेकंद. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक.

१९६० मध्ये लेसर आला, आणि पुढच्या २५-३० वर्षांत त्याचे झोत फेमटोसेकंदांइतके आखूड झाले. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात अहमद झेवैल यांच्या गटाने आयोडीन सायनाइडच्या वाफेवर पहिला झोत टाकून बंध तोडला, आणि सुटणारा तुकडा पाहायला मागून दुसरा झोत पाठवला. तो किती मागून, हे आरसा सरकवून ठरवायचं. आरसा एक घर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन दोन घरं जास्त चालावं लागतं, म्हणजे सुमारे ६७ फेमटोसेकंद उशीर! बंध तुटायला साधारण २०० लागले. म्हणजे आमच्या स्क्रू गेजवरची तीन घरं, अर्ध्या केसाएवढी.

हा एकाच रेणूचा सलग चित्रपट नव्हे, हेही सांगायला हवं. दर वेळी असंख्य नवे रेणू, आरसा आणखी थोडा मागे, पुन्हा तोच प्रयोग. मग सगळी मापं ओळीने लावायची. झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डजवळ क्ष-किरणांचा लेसर सुरू झाला, त्याच्या झोतांनी अणूंच्या जागाही थेट काढता येतात.

२०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याहून हजार पटींनी लहान काळासाठी, इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या ॲटोसेकंद झोतांसाठी होतं. तिथे स्क्रूचं एक घर म्हणजे ६७,००० ॲटोसेकंद. म्हणून तिथला आरसा व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या पिझो स्फटिकावर बसवतात.