शर्लीचा भाग वाचून पुस्तक मिटलं…

प्रिय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळेतल्या एका हुशार मुलीची फी तुम्ही भरलीत, दहावीला तिला घरी बसवून गणित शिकवलंत. आज ती बंगळुरूत मोठ्या हुद्द्यावर आहे. मध्यंतरी एका लग्नात दिसली, दोन शब्द बोलली आणि वळली. त्यात भाचीने ब्रिटिश लेखिका बर्नरडीन एव्हरिस्टोंची ‘गर्ल, वुमन, अदर’ ही कादंबरी वाचायला दिली. शिक्षिका शर्ली आणि तिला विसरलेली विद्यार्थिनी कॅरल भेटल्यावर तुम्ही पुस्तक मिटलंत. पुढे वाचू का आणि त्या मुलीला खरमरीत पत्र पाठवू का, असं विचारता.

पुस्तक वाचा. ते पत्र पाठवू नका.

तुमचं दुखणं खरं आहे. ‘निरपेक्ष राहा’ असं मी सांगणार नाही, कारण इतकं करणाऱ्या माणसाला आठवणीची अपेक्षा असतेच. पण शर्लीच्या आधी तुम्ही कॅरलचा भाग वाचलाय, तो एकदा पुन्हा काढा. तेराव्या वर्षी एका पार्टीत त्या मुलीवर सामूहिक बलात्कार होतो. ती कोणालाच सांगत नाही. अभ्यास सुटतो, आणि पुढे एक दिवस ती स्वतःच मिसेस किंगकडे, म्हणजे शर्लीकडे, मदत मागायला जाते. शर्लीला दिसते ती फक्त ताळ्यावर आलेली विद्यार्थिनी. कॅरलची आई बमी नायजेरियातून गणिताची पदवी घेऊन आलेली, लंडनमध्ये साफसफाईची कामं करून लेकीला वाढवणारी. तिलाही यातलं काही ठाऊक नाही, आणि लेक दुरावल्याचं दुःख तिलाही आहेच. जे आईला सांगता आलं नाही, ते बाईंना कुठून सांगणार?

मला ही कादंबरी मोठी वाटते ती इथे. बारा जणांच्या कहाण्या, पण कोणा एकीला सगळं ठाऊक नाही. 2019चं बुकर पारितोषिक तिला मार्गारेट अ‍ॅटवुडबाईंच्या कादंबरीबरोबर विभागून मिळालं. माझ्या मते ते तिला एकटीला मिळायला हवं होतं.

तुमच्या त्या विद्यार्थिनीच्या आयुष्यात असंच काही घडलं असेल, असं मला मुळीच म्हणायचं नाही. कारण अगदी साधंही असेल. लग्नात तिच्या शेजारी सासरची माणसं असतील, आणि तिची फी थकलेली पाहिलेल्या त्या मांडवात तुम्ही एकट्याच. उपकार करणाऱ्यासमोर उभं राहणं कधीकधी फार जड जातं.

शर्लीनंतर लगेच तिच्या आईचा, विन्समचा भाग आहे. तो वाचताना शर्लीची दया येईल. का, ते सांगत नाही. शेवटी एका नाटकानंतरच्या पार्टीत शर्ली आणि कॅरल समोरासमोर येतात. तिथपर्यंत जाच.

मग त्या मुलीला चार ओळी लिहा. फी, शिकवणी, ते लग्न, यातलं काही नको. तिची एखादी आठवण लिहा, तिने सोडवलेलं एखादं अवघड गणित असेल तर तेच. आता काय वाचताय तेही कळवा. उत्तर आलं नाही, तर दुसरं पत्र मात्र घाईने टाकू नका.