थंडीत सकाळी कार सुरू होत नाही. बॅटरीचे टर्मिनल घरी साफ करता येतील का?

नक्कीच येतील. नाशिकमध्ये जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा बॅटरीची ताकद मुळातच घटलेली असते, त्यात टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचले असतील तर स्टार्टरपर्यंत (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरपर्यंत) पुरेसा करंट पोहोचत नाही.

इंजिन बंद करून, हातमोजे घालून आधी ऋण बाजूचा क्लॅम्प सोडवावा आणि मगच धन बाजूचा. हा क्रम कृपया उलटा करू नये, कारण ऋण बाजू जोडलेली असताना धन बाजू सोडवायला घेतली आणि पाना गाडीच्या बॉडीला टेकला तर शॉर्टसर्किट होते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने घासावे, फेस येणे थांबले की पुसून पूर्ण कोरडे करावे. जोडताना मात्र धन बाजू आधी घ्यावी आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.