कर्णाने दुर्योधनाची साथ सोडायला हवी होती का?

तुमचा प्रश्न असा आहे : ज्याने भर रंगभूमीवर अंगदेशाचे राज्य देऊन मान राखला, त्या दुर्योधनाची साथ, तो अधर्माने वागतो आहे हे दिसत असताना, कर्णाने सोडायला हवी होती का, आणि उपकारकर्त्याशी निष्ठा मोठी की सत्य मोठे? माझे मत स्पष्ट आहे. साथ सोडण्याची काहीच गरज नव्हती. द्यूतसभेत योग्य बाजूने बोलायला हवे होते, आणि कर्ण तेथे नेमका उलट्या बाजूने बोलला.

सभापर्वातील तो प्रसंग कर्णाच्या चाहत्यांनी पुन्हा एकदा शांतपणे वाचावा. स्वतःला आधी हरलेला युधिष्ठिर मला पणाला लावू शकतो काय, असा प्रश्न द्रौपदी विचारते. धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून भीष्म अंग काढून घेतात, द्रोण आणि कृप गप्प राहतात, आणि अशा वेळी धृतराष्ट्राचा एक तरुण पुत्र उभा राहतो. त्याचे नाव विकर्ण. मृगया, मद्य, द्यूत आणि स्त्रियांची आसक्ती या चार व्यसनांत बुडालेल्या राजाचे कृत्य प्रमाण मानता येत नाही, द्रौपदी पाचही जणांची पत्नी आहे, युधिष्ठिर स्वतःला आधीच हरला होता आणि तिला पणाला लावण्याची सूचना शकुनीची होती, म्हणून ती जिंकली गेलेली नाही, असा मुद्देसूद युक्तिवाद तो आपल्या सख्ख्या भावाच्या विरुद्ध करतो. सभेत त्याची प्रशंसाही होते. त्याला पोरकट ठरवून खाली बसवणारा आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणारा माणूस कर्ण आहे. ज्याला आपण निष्ठेचा पुतळा म्हणून डोक्यावर घेतो, त्याची निष्ठा त्या दिवशी अशी बोलली.

हे इतक्या तळमळीने लिहिण्याचे कारण सांगतो. औसा तालुक्यातील एका खासगी शिक्षणसंस्थेच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक होतो. ती नोकरी मला माझ्या चुलत्यांच्या शब्दावर मिळाली होती. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. ते त्याच संस्थेत माझ्या आधीपासून होते, संस्थेच्या अध्यक्षांच्या विश्वासातले होते, आणि गावच्या मारुतीच्या पारावर चातुर्मासात पांडवप्रतापाची पोथी लागली की ती वाचण्याचा मान त्यांचा असे. महाभारत मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले, हे येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

एकदा परीक्षा शुल्काची काही रक्कम कार्यालयाच्या कपाटातून नाहीशी झाली. अध्यक्षांनी सर्व शिक्षकांना सभागृहात बोलावले आणि सेवानिवृत्तीला आलेल्या आमच्या शिपायाला सर्वांसमक्ष खिसे उलटे करायला लावले. सदऱ्याच्या खिशातून तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, एस.टी.चे एक चुरगळलेले तिकीट आणि घडी घातलेली औषधाची चिठ्ठी निघाली. त्या वस्तू त्याने एकेक करून टेबलावर मांडल्या, आणि उलटे झालेले खिसे तसेच बाहेर लोंबत ठेवून तो उभा राहिला, कारण ते आत घालावेत की नाही हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्ही सगळे फरशीकडे पाहत होतो. मी उठलो आणि एवढेच म्हणालो की कपाटाच्या किल्ल्या कारकुनाकडे आणि मुख्याध्यापकांकडे असतात, शिपायाकडे नसतात. झडती घ्यायची असेल तर किल्लीपासून सुरुवात करावी आणि नंतर आम्हा सर्वांचीही घ्यावी.

अध्यक्ष काही बोलायच्या आत अप्पाच कडाडले, "साहेबांनी तुला पोटाला लावलं अन् त्यांच्याच बैठकीत त्यांच्यावर उलटतोस? खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. आपल्या घरात विभीषण निपजला म्हणायचा!" पुढच्या वर्षी माझी बदली संस्थेच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेवर झाली. मी संस्था सोडली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवायचे ठरले, तेव्हा अध्यक्षांनी शिक्षक मागितले आणि मी त्याच आठवड्यात रुजू झालो. तरीही अप्पांच्या तोंडातील शब्द बदलला नाही. लग्नकार्यात पाहुण्यांसमोरही ते मला विभीषणच म्हणत आले आहेत.

या मिठाच्या न्यायाचे मूळ भीष्मपर्वात पाहावे. युद्धापूर्वी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला येतो, तेव्हा मनुष्य अर्थाचा, म्हणजे धनाचा, दास आहे, अर्थ कोणाचा दास नाही, आणि कौरवांनी मला अर्थाने बांधले आहे, असे भीष्म त्याला सांगतात. द्रोण, कृप आणि शल्यही तेच बोलतात. या चौघांनी आपल्या बांधिलकीला बंधन म्हटले, सद्गुण म्हटले नाही. आम्ही मात्र त्याच बंधनाला निष्ठा हे नाव देऊन मुलांना शिकवतो.

आता विकर्णाचे पुढे काय झाले ते पाहा, कारण पोथी ऐकणाऱ्यांना त्याचे सभेतील भाषण आठवते आणि पुढचे कोणी सांगत नाही. घोषयात्रेत, म्हणजे गोधन पाहण्याच्या निमित्ताने कौरव वनवासी पांडवांजवळ गेले तेव्हा, गंधर्वांनी कर्णाचा रथ मोडला, तेव्हा तो विकर्णाच्या रथावर चढून जीव वाचवण्यासाठी निघून गेला आणि दुर्योधन गंधर्वांच्या हाती सापडला. त्याला सोडवले ते पांडवांनी. युद्धाच्या चौदाव्या दिवशी भीमाने कर्णाला जेरीस आणले, तेव्हा दुर्योधनाने त्याच्या मदतीला आपले भाऊ पाठवले. त्यांत विकर्ण होता आणि तो तेथेच पडला. भीमाने प्रतिज्ञेपायी त्याला मारले खरे, पण तू नेहमी आमचे हित पाहिलेस असे म्हणून त्याच्यासाठी शोकही केला. ज्याने भर सभेत अपमान केला, त्याच कर्णाला वाचवताना विकर्णाने प्राण दिले. याउलट भीष्मांनी अर्धरथी, म्हणजे अर्ध्याच योग्यतेचा योद्धा, म्हटल्याचा राग धरून कर्ण युद्धाचे पहिले दहा दिवस शस्त्र न उचलता बसून राहिला. मित्राचे सैन्य कापले जात असताना स्वतःचा मान जपणाऱ्याला परम निष्ठावान म्हणायचे आणि विकर्णाला विसरायचे, हा न्याय मला मान्य नाही.

उद्योगपर्वातील कर्ण मोठा आहे, हे मी नाकारत नाही. कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यावरही राधा आणि अधिरथ यांचे प्रेम आणि दुर्योधनाचा आश्रय तो विसरत नाही, राज्याच्या लोभाने पक्ष बदलत नाही, आणि दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना जे कटू बोललो त्याचा आज ताप होतो अशी कबुलीही देतो. पण ही कबुली तो कृष्णाजवळ देतो. दुर्योधनाला त्या शब्दांची खरी गरज होती, आणि दुर्योधन ज्याचे ऐकेल असा दुसरा कोणी त्या दरबारात नव्हता.

विभीषणाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्याकडे त्याचे नाव घरभेद्यासाठी शिवीसारखे वापरतात. वाल्मीकिरामायणात तो आधी रावणाच्या सभेत उघडपणे सीतेला परत देण्याचा सल्ला देतो, अपमान सोसतो आणि मगच चार सोबत्यांसह निघतो. ज्या मराठवाड्यात पैठणच्या एकनाथांनी भावार्थरामायण लिहायला घेतले आणि त्यांच्या नातवाने, मुक्तेश्वरांनी, सभापर्व मराठी ओवीत आणले, त्या मराठवाड्यात तरी हे नाव शिवी म्हणून वापरले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तुम्ही नोकरीत असाल आणि प्रश्नामागे तुमचीही एखादी बैठक असेल, तर बोला. बैठकीतच बोला, बाहेर चहाच्या टपरीवर नको, आणि काम सोडू नका. ज्याने पोटाला लावले त्याला त्याच्या तोंडावर चूक सांगणे ही त्याचीच सेवा आहे. अप्पा हे वाचतील तर त्यांच्यासाठीही हेच लिहितो आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. विकर्ण राहिला म्हणून द्रौपदीची विटंबना थांबली नाही, आणि त्याचे धनुष्य शेवटी अधर्माच्याच बाजूने चालले. धृतराष्ट्राचाच दासीपुत्र युयुत्सू याने युद्धाच्या तोंडावर, युधिष्ठिराच्या जाहीर आवाहनावरून, सर्वांसमक्ष पक्ष बदलला. तो जिवंत राहिला आणि पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा परीक्षिताच्या राज्याची देखभाल त्याच्याकडे सोपवली गेली. त्यामुळे राहावे की निघावे याचा निर्णय अन्याय किती पुढे गेला आहे आणि आपल्या राहण्याने तो रोखता येतो की नाही, हे पाहूनच करावा लागेल. आमच्या शाळेत त्या शिपायाची चौकशी पुढे झाली नाही आणि त्याला पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले, म्हणून माझे राहणे मला योग्य वाटते. तुमच्या ठिकाणी कदाचित युयुत्सूचा मार्गच बरोबर ठरेल.