झाडांची छाटणी आणि बागेचा कचरा उचलण्याचा छोटा व्यवसाय करायचा आहे, सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा मिनी टेम्पो, दारात उभा आहे, हाताशी दीडेक लाख रुपये आहेत आणि कोथरूड-वारजे भागात सोसायट्या-बंगल्यांतली झाडं छाटून कचरा उचलून न्यायचा धंदा करावा असं मनात आहे. चेनसॉ कोणती घेऊ, परवाना कसला लागतो आणि चाकणची नोकरी आत्ताच सोडू का, हे तुम्ही विचारलंय. मी पुण्यात हेच काम करतो, म्हणून लिहितो.

चेनसॉचं नंतर बघू. आधी हे सांगा, पहिल्या दिवशी भरलेली गाडी रिकामी कुठे करणार?

नव्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही आणि धंदा नेमका तिथेच अडतो. फांद्या तोडणारे शहरात पुष्कळ आहेत. कोयता आणि दोर घेऊन दोन माणसं येतात, तासाभरात झाड बोडकं करतात, ढीग गेटपाशी टाकून निघून जातात. मग तो ढीग आठ-आठ दिवस तिथेच. रोजचा कचरा नेणारे फांद्या घेत नाहीत. शेवटी वॉचमन एका संध्याकाळी काडी लावून मोकळा होतो आणि समोरच्या बिल्डिंगमधून तक्रार जाते. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली, ५,००० रुपये दंड ठरवला. मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवणं ज्याच्या त्याच्या गळ्यात घातलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला डोकेदुखी असते ती या ढिगाची. झाड काय, वाढतच असतं. तो पैसे मोजतो ते ढीग नाहीसा करण्याचे, आणि तुमच्याकडे गाडी आहे ही त्यातली जमेची बाजू.

म्हणून आधी ठिकाणं शोधा, आणि एका ठिकाणी सगळा माल टाकायचा विचार करू नका. आपल्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य कोठीत, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, आणि क्षेत्रीय कार्यालयात जाऊन फांद्या-पाला कुठे घेतात, कोणत्या वेळेत घेतात, पावती मिळते का, हे समक्ष विचारा. फोनवर कोणी धड सांगत नाही. बुंधे आणि मनगटाएवढ्या जाड फांद्या वखारवाला घेतो, पण त्याला बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ, आंबा हवा असतो. गुलमोहराचं नाव काढलं की तोंड फिरवतो. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना इंधन बदलायला सहा महिन्यांची मुदत दिली. तेव्हा ‘लाकूड बेकरीला घालू’ हा हिशोब कायमचा धरून चालू नका. पांढरा कोळसा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, बनवणारे बारीक केलेला माल घेतात, पण ते गाड्यांच्या गाड्या मागतात. पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

वाळलेल्या पानांना मात्र गिऱ्हाईक आहे. पुण्यात गच्चीवर बाग करणारी मंडळी कंपोस्टसाठी आणि आच्छादनासाठी पानांच्या शोधात असतात. ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने पानं असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून दिली, ती याच गरजेतून. अट एकच: पोत्यात प्लास्टिक, दूधपिशव्या, बाटल्यांची बुचं नकोत. मी पानं फांद्यांपासून वेगळी झाडून वेगळ्या पोत्यांत भरून घेतो. दहा मिनिटं जास्त जातात, पण ती पोती डंपिंगला न्यावी लागत नाहीत.

हिरवा पाला शेळीवाले नेतात. उंबर, वड, सुबाभूळ, शेवगा त्यांना आनंदाने द्या. इथे मात्र डोळ्यात तेल घालून बघा: कण्हेर, बिट्टी किंवा घाणेरीची एकही डहाळी त्या भाऱ्यात जाता कामा नये. कण्हेर आणि बिट्टीच्या थोड्याशा पानांनीही शेळी मरते, आणि बंगल्याच्या कुंपणाला हटकून कण्हेरच असते. कुंपणाचा माल गाडीत चढतानाच वेगळा करा. नारळाच्या झावळ्या ही आणखी एक कटकट. श्रेडरमध्ये, म्हणजे फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्रात, त्यांचे धागे गुंडाळून मशीन बसतं, आणि कुजायला त्या वर्षानुवर्षं घेतात. खराटे बांधणाऱ्या बायका हिरांसाठी, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्यांसाठी, झावळ्या नेतात. अशी एखादी ओळख झाली तर टिकवा.

आता परवाना. व्यवसायाचं म्हणाल तर फार काही नाही. दोन-चार माणसांच्या धंद्याला गुमास्ता (दुकाने-आस्थापना नोंदणी) म्हणजे ऑनलाइन सूचना देणं एवढंच, लघुउद्योगांची उद्यम नोंदणी फुकट आहे, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही. सोसायटी मोठ्या बिलातून एक टक्का टीडीएस कापते, म्हणून पॅन आणि बिलबुक हवं. कच्च्या चिठ्ठीवर मोठी सोसायटी काम देत नाही.

खरी परवानगी झाडाची. शहरी भागात महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागतो. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर पाच सेंटिमीटर जाड खोड आणि एक मीटर उंची असली की कायद्याच्या लेखी ते झाड, मग ते तुमच्या अंगणात का असेना. ‘तोडत नाही हो, नुसती छाटणी आहे’ हे ऐकून कोयता उचलू नका. झाडाला इजा करणंही त्यात येतं. अर्ज झाडाच्या मालकाने, म्हणजे सोसायटीने स्वतःच्या लेटरहेडवर, महापालिकेच्या उद्यान विभागात करायचा. तुम्ही फार तर फोटो काढून द्या आणि कागद नीट लावून द्या. ही मदत फुकट केलीत तरी परवडते, कारण अर्ज ज्याने भरून दिला त्यालाच काम मिळतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. एरंडवण्यातल्या जुन्या बंगल्यांत अशी झाडं भरपूर आहेत. शहराबाहेर गेलात तर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ येतात. आणि लाकूड गाडीत घालून रस्त्यावर आलात की जातीप्रमाणे वन खात्याचा वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, लागू शकतो. चंदनाचं झाड दिसलं तर हातच लावू नका.

मंजुरीची प्रत कामाच्या वेळी खिशात ठेवा. करवतीचा आवाज झाला की शेजारचे आजोबा हमखास मोबाइल घेऊन खाली येतात. येऊ द्या, कागद दाखवा. अशा आजोबांमुळेच पुण्यात झाडं उरली आहेत. पावसाळ्यात वर नीट बघून घ्या. बगळे, वंचक त्या दिवसांत घरटी करतात आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरटी मोडणं शिकारीत मोडतं. आग्या मोहोळ असेल तर काम पुढे ढकला.

झाडावर तुम्ही स्वतः चढू नका. चढणारा माणूस अनुभवी हवा, त्याला बेल्ट आणि हेल्मेट तुम्ही द्यायचं आणि त्याचा विमा तुम्ही उतरवायचा. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी नसेल तर उंचावरचं काम घेऊच नका. शेवग्यावर कोणालाच चढवू नका, फांदी सांगून मोडत नाही. पावसाळ्यात त्याच्या खोडावर सुरवंटांचे थरच्या थर बसतात ते वेगळंच. तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय सुरुवात नाही. ओली फांदी वीज वाहून नेते. पुण्यात देखभालीचं शटडाऊन बहुधा गुरुवारी असतं, त्याला धरून कामाचा दिवस ठरवता येतो.

छाटणीत एक गोष्ट शिकून घ्या, कारण चांगला माणूस आणि झाडतोड्या यांतला फरक तिथे दिसतो. जाड फांदी एका कापात घेतली की ती स्वतःच्या वजनाने खाली जाताना खोडाची साल हातभर सोलून नेते. म्हणून खोडापासून दीडेक फुटावर आधी खालून तिसरा हिस्सा कापायचा, मग थोडं पुढे वरून कापून फांदी उतरवायची. उरलेला खुंट शेवटी कापायचा, तोही खोडाला लागून नाही, तर फांदीच्या मुळाशी जो फुगवटा असतो त्याच्या बाहेरून. तो फुगवटा राहिला तरच जखम भरते. बागेची आवड असलेल्या काकू हा काप बरोबर ओळखतात आणि पुढच्या वर्षी तुम्हालाच बोलावतात.

चेनसॉ चांगल्या कंपनीची, १६ इंची पट्टीची, जिचे सुटे भाग शहरात मिळतात अशी घ्या. ती जमिनीवर पडलेल्या लाकडासाठी. झाडावर घडीची करवत बरी. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, बहुतेक लिटरला २० मिली. साखळीचं तेल वेगळ्या टाकीत. साखळीला धार असेल तर चपट्या कपच्या उडतात. पिठासारखा भुसा यायला लागला की थांबून कानस मारा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटं अंगावर येतं, तेव्हा चालवायला आधी कोणाच्या तरी हाताखाली शिका. बाकी दोर, पोती, ताडपत्री, हातमोजे, खराटे, बस्स. श्रेडर विकत घेऊ नका. उरलेले पैसे हातात ठेवा, कारण सोसायटीचं बिल दोन-दोन महिने निघत नाही.

दर कधीही फोनवर सांगू नका. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट, आणि पालेदार माल असला की वजन होण्याच्या कितीतरी आधी तो शिगोशीग दिसतो. फांद्या हातभर लांबीच्या तोडून, बुंध्याची टोकं एकाच दिशेला ठेवून, वर ओंडके दाबून भरल्या तर दोन खेपांचा माल एका खेपेत बसतो. ही भरण्याची हातोटी म्हणजेच तुमचा नफा. म्हणून जागेवर जाऊन खेपा मोजा, गाडी झाडापर्यंत जाते का बघा, खाली काचेचं छत आहे का बघा. कोटेशनवर तीन गोष्टी लिहा: कचरा नेणं धरून की सोडून, लाकूड कोणाचं, नारळ कोणाचे. भांडणं होतात ती याच तिन्हींवरून. माळ्यांशी दोस्ती करा. प्रत्येक माळ्याकडे चार-सहा बंगले असतात आणि त्याच्या कापलेल्या गवताचं, मेंदीच्या कुंपणाचं काय करायचं ही त्याची रोजची अडचण असते. त्याचे दोन पैसे प्रामाणिकपणे द्या.

नोकरी आत्ता सोडू नका. सुरुवात नुसत्या उचलण्याने करा, तेही फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत, शनिवार-रविवारी. छाटणीला रविवार गैरसोयीचाच. सगळ्यांच्या गाड्या खाली उभ्या असतात, त्या हलवायला सांगण्यातच सकाळ जाते. उचलायला मात्र रविवार चालतो, सेक्रेटरीही घरी भेटतो. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याआधीच्या छाटणीची झुंबड उडते, तेव्हा एखाद्या जुन्या ठेकेदाराला गाडी द्या आणि त्याची माणसं कशी काम करतात ते बघून घ्या. महिन्यातून दोनदा कचरा उचलण्याचे ठरलेले करार गाडीचा हप्ता, डिझेल आणि एका माणसाचा पगार भागवण्याइतके झाले की राजीनाम्याचा विचार करा. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत छाटणीचं काम मंदावतं, त्या महिन्यांत घर या करारांवरच चालतं.